बारा जणांनी सांगितलं, आता कोणाला विचारायचं?

हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी, आणि ऑफिसच्या बसमध्ये शेजारचा झोपलाय म्हणून आवाज न करता वाचणाऱ्यांसाठी.

हा विषय मला बुद्धिबळामुळे सापडला. झोपायच्या आधी मी फोनवर दोन-तीन पझल सोडवतो. एका रात्री जुन्या चेस क्लबांबद्दल वाचत वाचत लिव्हरपूलला पोचलो, आणि तिथल्या एका क्लबात आलेल्या फोन कॉलने माझी झोप उडवली.

तारीख १९ जानेवारी १९३१, सोमवार. लिव्हरपूलमधलं सिटी कॅफे. इथे चेस क्लबची माणसं संध्याकाळी जमायची. सव्वासातच्या सुमारास कॅफेचा फोन वाजला. पलीकडच्या माणसाला वॉलेसशी बोलायचं होतं. वॉलेस अजून आलेला नव्हता, म्हणून क्लबच्या कॅप्टनने निरोप लिहून घेतला. नाव आर. एम. क्वालट्रो. वॉलेसने उद्या संध्याकाळी साडेसातला २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्ट या पत्त्यावर यावं, त्याच्या धंद्यातलं काम आहे.

विल्यम हर्बर्ट वॉलेस, वय ५२, प्रुडेन्शियल विमा कंपनीचा एजंट. आपल्याकडे एलआयसीचे काका असतात ना, तसा. घरोघर जाऊन हप्ते गोळा करायचे, घरी बायको ज्युलिया, हौस म्हणून बुद्धिबळ. तरुणपणी काही काळ कलकत्त्यात नोकरीही करून आलेला. नवीन गिऱ्हाईक मिळतंय म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ट्राम बदलत बदलत त्या भागात गेला. मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ सापडलं. साउथ सापडलं. वेस्टही सापडलं. ईस्ट काही सापडेना. त्याने रस्त्यावरच्या लोकांना विचारलं, ड्युटीवरच्या पोलिसाला विचारलं, एका दुकानात डिरेक्टरी उघडून पाहिली. मेनलव्ह गार्डन्स ईस्ट नावाचा रस्ताच नव्हता.

पावणेनऊच्या आसपास तो घरी परतला. पुढच्या खोलीत ज्युलिया मरून पडली होती. डोक्यावर घाव घालून मारलं होतं.

पोलिसांचं म्हणणं साधं होतं. क्वालट्रो म्हणजे वॉलेसच. त्याने स्वतःच फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला मारून मुद्दाम चार लोकांना पत्ता विचारत फिरला. टेलिफोन ऑपरेटरकडे त्या कॉलची नोंद होती, कारण पैसे टाकून बटण दाबताना काहीतरी घोळ झाला होता. फोनचं ते खोकं वॉलेसच्या घरापासून जेमतेम ४०० यार्डांवर होतं.

आता दुसरी बाजू. क्लबचा कॅप्टन वॉलेसला अनेक वर्षं ओळखत होता. त्याने सांगितलं, तो आवाज वॉलेसचा नव्हता. दूध देणाऱ्या पोऱ्याने संध्याकाळी साडेसहानंतर ज्युलियाला जिवंत पाहिलं होतं. आणि ७ वाजून ६ मिनिटांनी वॉलेस घरापासून बराच लांब, दुसरी ट्राम पकडत होता, कंडक्टरला पत्ता विचारत होता. मी कागदावर टाइमलाइन काढून बघितली. वॉलेसच्या हातात वीसेक मिनिटं येतात, दूधवाल्या पोऱ्याची वेळ थोडी पुढे धरली तर त्याहून बरीच कमी. तेवढ्यात खून करायचा, रक्त धुवायचं, चोरीचा देखावा उभा करायचा, हत्यार नाहीसं करायचं आणि ट्राम गाठायची. त्याच्या कपड्यांवर रक्ताचा डाग नव्हता. हत्यार कधीच सापडलं नाही.

जमेल का? कदाचित जमेल. सिद्ध होतं का? मला तरी नाही वाटत. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांचाही सूर तसाच होता. ज्यूरीला समजावून सांगताना त्यांनी पुरावा किती कच्चा आहे हे पुरेसं स्पष्ट केलं होतं. एप्रिल १९३१, लिव्हरपूलचा सेंट जॉर्जेस हॉल, चार दिवस सुनावणी. ज्यूरी आत गेली आणि तासाभराने बाहेर आली. दोषी.

खुनाला तेव्हा एकच शिक्षा होती. न्यायाधीशाला 'याला जन्मठेप देतो' म्हणायची मुभाच नव्हती. दोषी म्हटलं की फाशी.

इथे जरा थांबू, कारण माझ्या डोक्यात जो प्रश्न अडकला तो इथलाच आहे. इंग्लंडमधली ज्यूरी कारण देत नाही. बारा माणसं बंद खोलीत बसतात, बाहेर येतात आणि 'दोषी' किंवा 'दोषी नाही' एवढंच सांगतात. कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, कोणता पुरावा सोडून दिला, काही नाही. आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर एक फंक्शन आहे, ते फक्त ट्रू किंवा फॉल्स परत करतं, आणि आतला लॉग बघायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे आज सेशन्स कोर्टाचा न्यायाधीश शेकडो पानी निकाल लिहितो, मग वरच्या कोर्टात वकील म्हणू शकतो की 'पान अमुकवरचा तर्क चुकलाय'. ज्यूरीपुढे तसं काहीच म्हणता येत नाही. मग अपील करायचं तरी कशावर?

इंग्रजांचं यावरचं शेकडो वर्षांचं उत्तर होतं की करायचंच नाही. खरंच. पैशाच्या दाव्यात वरच्या कोर्टाकडे जाता यायचं, पण गळ्याला दोर लागणार असेल तर ज्यूरीच्या निकालावर अपील नव्हतं. १८४८ पासून एक बारीकशी फट होती. खटल्याच्या न्यायाधीशालाच वाटलं की कायद्याचा एखादा मुद्दा अवघड आहे, तर तो तो मुद्दा वरच्या न्यायाधीशांकडे पाठवू शकायचा. त्याला वाटलं तर हं. आरोपीला वाटून उपयोग नाही. बाकी उरायची ती राजाची दया, म्हणजे व्यवहारात गृहमंत्र्याची. उघडी सुनावणी नाही. फाइल वर जायची, शेरा मारून खाली यायची.

एकोणिसाव्या शतकात अपील कोर्टासाठी संसदेत विधेयकामागून विधेयक आलं, सुमारे तीस, आणि पडलं. विरोध करण्यात न्यायाधीशच पुढे होते. अपील आहे म्हटलं की ज्यूरी ढिली पडेल, 'चुकलं तर वरचे बघून घेतील' म्हणेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद मी टेस्टिंग टीमच्या संदर्भात हुबेहूब ऐकलेला आहे, त्यामुळे हसू आलं.

गंमत म्हणजे याच इंग्रजांनी भारतात वेगळी सोय ठेवली होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे इथल्या सेशन्स कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात आणता येत नव्हती. म्हणजे रत्नागिरीतल्या आरोपीची फाशी वरच्या कोर्टात तपासली जायची, आणि लिव्हरपूलमधल्या आरोपीला अपीलच नाही.

भिंत शेवटी पडली ती १९०७ साली, आणि ती पाडण्यात दोन माणसांच्या प्रकरणांचा मोठा हात होता. दोन्ही प्रकरणं खुनाची नव्हती. पहिला अ‍ॅडॉल्फ बेक, मूळचा नॉर्वेचा. बायकांना फसवून दागिने उकळतो म्हणून १८९६ साली त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर १९०४ साली त्याच आरोपाखाली पुन्हा दोषी ठरला. दुसऱ्या वेळची शिक्षा सुनावायची बाकी होती, बेक कोठडीत होता, आणि बाहेर कोणीतरी अगदी त्याच पद्धतीने बायकांना फसवताना पकडला गेला. खरा भामटा तो होता. हा योगायोग घडला नसता तर बेक पुन्हा आत गेला असता.

दुसऱ्याचा धागा थेट आपल्या मुंबईला जोडलेला आहे. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती झाले, इंग्लंडला गेले आणि स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वायर्ली गावात चर्चचे पाद्री झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर होता. १९०३ साली त्या भागात रात्री कोणीतरी जनावरांची पोटं फाडत होतं. निनावी पत्रं येत होती. संशय कोणावर? गावातल्या एकमेव हिंदुस्थानी घरावर. जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी काहीही कारण न देता सोडून दिलं, पण दोष तसाच राहिला आणि वकिलीही गेली. मग शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयलने प्रकरण हातात घेतलं. डॉयल डोळ्यांचं डॉक्टरी शिक्षण घेतलेला. त्याने पहिल्यांदा जॉर्जला पाहिलं तेव्हा तो वर्तमानपत्र नाकाला लावून वाचत होता. हा माणूस काळोख्या रात्री शेतं ओलांडत जनावर शोधणार? १९०७ च्या जानेवारीत डॉयलचे लेख छापून आले, मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली. भरपाई एक पेनीही नाही, कारण सरकारी समितीचं म्हणणं होतं की निनावी पत्रं त्यानेच लिहिली असावीत. माफी कशाची, तर न केलेल्या गुन्ह्याची! त्याच वर्षी क्रिमिनल अपील अ‍ॅक्ट पास झाला.

नव्या कोर्टाला ज्यूरीचा निकाल रद्द करायचा अधिकार मिळाला, पण ठरावीक कारणांनीच. कायद्याची चूक झाली असेल तर, कुठल्याही कारणाने अन्याय झाला असेल तर, किंवा पुरावा पाहता निकाल अवाजवी असेल तर. फेरखटला चालवायला सांगायचा अधिकार मात्र दिला नाही. तो १९६४ पर्यंत नव्हता. म्हणजे दोनच पर्याय, एक तर दोष कायम, नाही तर माणूस त्याच क्षणी मोकळा. खुनाच्या शिक्षेवर अपीलच नव्हतं, कारण ती कायद्याने ठरलेली. आणि फाशीच्या कैद्याला अपिलाची नोटीस द्यायला दहा दिवस. त्यात मुदतवाढ नाही.

तिसऱ्या कारणाबद्दल सांगतो. 'पुरावा पाहता अवाजवी' हे शब्द कागदावर होते, पण खुनाच्या खटल्यात ते कोर्टाने वापरलेच नव्हते. १९०८ पासून १९३१ पर्यंत एकदाही नाही. ज्यूरीने साक्षीदार डोळ्यांनी पाहिले, आम्ही नाही, मग आम्ही कोण सांगणार, अशी भूमिका. त्या कोर्टाचे प्रमुख होते लॉर्ड हेवर्ट. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना दिसलाही पाहिजे, हे जे आपण येताजाता ऐकतो ना, ते यांच्याच १९२३ च्या एका निकालातून आलंय. पण अपिलात ज्यूरीच्या विरोधात जाण्याबद्दल त्यांची काही ख्याती नव्हती.

वॉलेसकडे पैसे नव्हते. पुढे आली ती विमा कर्मचाऱ्यांची युनियन. त्यांनी खटल्याच्या आधी लंडनमध्ये स्वतःच एक लुटुपुटूचा खटला भरवून पुरावा तपासला, आपला माणूस निर्दोष आहे याची खात्री करून घेतली आणि बचावाचा खर्च उचलला. मला हे फार आवडलं. आंधळा पाठिंबा नाही, आधी तपासलं, मग वर्गणी काढली. अपिलाच्या आदल्या दिवसांत लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमध्ये खास प्रार्थनाही झाली. फाशीच्या कैद्यासाठी नाही बरं का, अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांना योग्य बुद्धी व्हावी म्हणून.

१८ आणि १९ मे १९३१. दोन दिवस युक्तिवाद झाले. तिन्ही न्यायाधीश उठून आत गेले, बाहेर आले, आणि हेवर्ट यांनी सांगितलं की खुनाचा निकाल देण्यासाठी जेवढी खात्री लागते तेवढ्या खात्रीने हा गुन्हा सिद्ध झालेला नाही. दोष रद्द. केवळ पुरावा अपुरा म्हणून खुनाचा निकाल फिरवण्याची या कोर्टाची ही पहिली वेळ. वॉलेस त्याच दिवशी दारातून बाहेर पडला.

लिव्हरपूलने त्याला घेतलं नाही. कोर्टाने 'सिद्ध झालं नाही' म्हटलं होतं, 'याने केलं नाही' असं म्हटलं नव्हतं, आणि शेजाऱ्यांना एवढा फरक पुरेसा होता. तो नदीपलीकडे एका बंगलीत राहायला गेला आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने वारला. ज्युलियाच्या खुनासाठी दुसऱ्या कोणाला कधी शिक्षा झाली नाही.

आता वीस वर्षं पुढे येऊ. या वेळी अपील कोर्ट होतं, वकील होते, सगळं होतं, तरीही काय झालं ते बघा.

२ नोव्हेंबर १९५२, रात्र. लंडनजवळ क्रॉयडनमधलं एक गोदाम. दोन पोरं छपरावर चढली. ख्रिस्तोफर क्रेग १६ वर्षांचा, त्याच्याकडे पिस्तूल. डेरेक बेंटली १९ वर्षांचा, पण बुद्धीने अकरा वर्षांच्या मुलाएवढा, लिहिता-वाचता येत नव्हतं. पोलिस आले. बेंटलीला पकडलं. पकडल्यानंतर सुमारे पंधरा मिनिटांनी क्रेगच्या गोळीने कॉन्स्टेबल सिडनी माइल्सचा जीव गेला. पोलिसांनी साक्ष दिली की बेंटली ओरडला, 'दे त्याला, क्रिस.' गोळी दे की पिस्तूल देऊन टाक? इंग्रजीतही त्या वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. क्रेग आणि बेंटली दोघांनीही असं काही बोललंच गेलं नाही असं सांगितलं.

क्रेग १८ वर्षांखालचा, म्हणून त्याला फाशी देता येत नव्हती. बेंटलीला येत होती. खटला चालवला लॉर्ड गोडार्ड यांनी, म्हणजे हेवर्टनंतर काही वर्षांनी त्याच खुर्चीत आलेले लॉर्ड चीफ जस्टिस. नीट लक्षात घ्या. ज्या अपील कोर्टाकडे बेंटली दाद मागणार होता, त्या कोर्टाच्या प्रमुखानेच त्याला फाशी सुनावली होती. अपील ऐकायला अर्थातच दुसरे तीन न्यायाधीश बसले, पण साहेबांच्या कोडचा रिव्ह्यू करायला ज्युनिअर बसवलेत असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. ते अन्यायकारक असेल, तरी आलं.

११ डिसेंबर १९५२ ला निकाल. ज्यूरीने दया दाखवा अशी शिफारस केली होती. १३ जानेवारीला अपील फेटाळलं. सुमारे २०० खासदारांनी दयेसाठी सह्या केल्या. गृहमंत्री डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांनी नकार दिला. २८ जानेवारी १९५३ ला वॉन्ड्सवर्थ तुरुंगात फाशी. निकालापासून ४८ दिवस. मी एकदा क्रेडिट कार्डावरचा चुकीचा चार्ज परत मिळवायला याहून जास्त दिवस घालवलेत.

त्याची बहीण आयरिस मात्र थांबली नाही. पत्रं, सभा, प्रत्येक नव्या गृहमंत्र्याचं दार. ४० वर्षांनी, १९९३ मध्ये, अर्धी माफी मिळाली. फाशी द्यायला नको होती एवढं मान्य, पण खुनाचा दोष कायम. तिने ते पुरेसं मानलं नाही.

दरम्यान एक नवी गोष्ट घडली. जुनी प्रकरणं अपील कोर्टाकडे परत पाठवायची की नाही हे गृहमंत्री ठरवायचा. राजकारणी माणूस, पोलिसांना दुखवायला कोण तयार होणार? १९९५ च्या कायद्याने ते काम त्याच्याकडून काढून घेतलं आणि क्रिमिनल केसेस रिव्ह्यू कमिशन नावाच्या स्वतंत्र मंडळाला दिलं. त्याच कायद्याने रद्द करायची जुनी गुंतागुंतीची कारणंही पुसून एकच प्रश्न ठेवला, की हा निकाल भरवशाचा आहे का? कमिशनचं काम १९९७ मध्ये सुरू झालं. आयरिस त्याच वर्षी जानेवारीत वारली. पुढचा लढा तिच्या मुलीने चालवला.

३० जुलै १९९८ ला कोर्टाने बेंटलीचा दोष रद्द केला. निकाल दिला तेव्हाचे लॉर्ड चीफ जस्टिस बिंगहॅम यांनी, आणि दोष ठेवला तो त्याच पदावर बसून गेलेल्या गोडार्डवर. ज्यूरीला समजावताना त्यांनी पोलिसांची बाजू इतकी उचलून धरली आणि पुराव्याच्या जबाबदारीबद्दल इतकं कमी सांगितलं की खटला न्याय्य राहिलाच नाही. यात एक तांत्रिक गोष्ट मला फार रोचक वाटली. कोर्ट म्हणालं, खून कशाला म्हणायचं याचा कायदा १९५२ चाच धरू, पण खटला नीट चालला का हे आजच्या मापाने मोजू. जुना कोड, नवीन टेस्ट. टेस्ट फेल झाली. साडेपंचेचाळीस वर्षांनी.

किरणजीत अहलुवालिया हे नाव तुमच्यापैकी काहींना ऐश्वर्या रायच्या 'प्रोव्होक्ड' सिनेमामुळे माहीत असेल. सिनेमात अपिलाचा भाग पटकन उरकलाय, म्हणून थोडं सांगतो. दहा वर्षं नवऱ्याचा मार खाल्ल्यावर १९८९ मध्ये त्यांनी झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं, तो दगावला, खुनाचा दोष आणि जन्मठेप झाली. फाशी तोवर बंद झाली होती, पण शिक्षा अजूनही एकच, ठरलेली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने प्रकरण उचललं. जुलै १९९२ मध्ये अपील कोर्टाने काय केलं, तर ज्या मुद्द्यासाठी सगळी चळवळ चालली होती, म्हणजे वर्षानुवर्षांच्या छळाने माणूस भडकतो तेव्हा ते चिथावणीत मोजायचं की नाही, त्यावर कायदा फारसा हलवला नाही. निकाल रद्द झाला तो वेगळ्याच कारणाने. त्यांच्या मानसिक अवस्थेबद्दलचा डॉक्टरी अहवाल खटल्याच्या आधीपासून अस्तित्वात होता आणि तो ज्यूरीपुढे गेलाच नव्हता! फेरखटला झाला, खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला गेला, आणि शिक्षा ठरली तीन वर्षं चार महिने, म्हणजे तुरुंगात काढून झाली होती तेवढीच. सप्टेंबर १९९२ मध्ये त्या घरी गेल्या.

शेवटचं प्रकरण आकड्यांचं आहे, म्हणून ते मला सगळ्यात जास्त टोचलं.

सॅली क्लार्क. स्वतः सॉलिसिटर. त्यांचं पहिलं बाळ १९९६ मध्ये ११ आठवड्यांचं असताना गेलं, दुसरं १९९८ मध्ये आठ आठवड्यांचं असताना. दोन्ही मुलांच्या खुनाचा खटला त्यांच्यावर भरला गेला. सरकारी बाजूचे साक्षीदार होते प्रोफेसर सर रॉय मेडो, बालरोगांतले मोठे नाव. ते म्हणाले, अशा सुखवस्तू, सिगारेट न ओढणाऱ्या घरात बाळ झोपेत अचानक दगावण्याची शक्यता ८५४३ मध्ये एक. दोन बाळं दगावण्याची शक्यता? ८५४३ गुणिले ८५४३. सात कोटी तीस लाखांत एक.

आपल्यापैकी ज्यांनी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रोबॅबिलिटीचा पेपर दिलाय ते आत्ताच ओरडले असतील. गुणाकार कधी करायचा? दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसेल तेव्हा. इथे तर दोन सख्खी भावंडं, तेच आईबाप, तीच जनुकं, तेच घर. एक बाळ असं गेलं असेल तर दुसऱ्याचा धोका वाढलेलाच असू शकतो. आणि समजा आकडा बरोबर आहे असं धरलं, तरी त्याचा अर्थ 'ही निर्दोष असण्याची शक्यता सात कोटींत एक' असा होत नाही. एखाद्याला लॉटरीचं पहिलं बक्षीस लागतं त्याची शक्यताही लाखांत एक असते, म्हणून आपण त्याला भामटा म्हणत नाही. आईने आपली दोन तान्ही मुलं मारण्याची शक्यताही फार फार कमीच असते, तुलना त्या दोन दुर्मीळ गोष्टींमध्ये करायची असते. हे कोर्टात कोणी केलं नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये ज्यूरीने दहा विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं.

मग पहिलं अपील, ऑक्टोबर २०००. कोर्टाने मान्य केलं की आकडा ज्या पद्धतीने मांडला ती चूक होती. पण बाकीचा पुरावा एवढा भक्कम आहे की निकाल कायम. वाचताना मी फोन खाली ठेवला. लॉग बघायला मिळत नाही, बारा जणांच्या मनात त्या सात कोटींनी काय केलं हे कळायची सोय नाही, आणि तरी तीन न्यायाधीश सांगतात की आकडा काढून टाकला तरी उत्तर तेच आलं असतं. कशावरून? दुसऱ्या वर्षी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर पत्रक काढून सांगितलं की या आकड्याला संख्याशास्त्राचा आधार नाही. त्यानेही तुरुंगाचं दार उघडलं नाही.

ते उघडलं एका हॉस्पिटलच्या कागदाने. त्यांच्या नवऱ्याने आणि वकिलांनी पाठपुरावा करून दुसऱ्या बाळाच्या तपासण्यांचे रिपोर्ट मिळवले. त्यात जंतुसंसर्गाच्या खुणा होत्या. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला ते रिपोर्ट माहीत होते, त्याने ते बचाव पक्षाला दिलेच नव्हते. कमिशनने प्रकरण परत पाठवलं आणि जानेवारी २००३ मध्ये दोन्ही दोष रद्द झाले. या वेळी कोर्टाने जाता जाता हेही म्हटलं की आकड्याचा मुद्दा नीट मांडला गेला असता तर बहुधा तेवढ्यावरही अपील मान्य झालं असतं. सव्वादोन वर्षांपूर्वी हेच कोर्ट होतं, आकडाही तोच होता.

डॉयल, विमा युनियन, आयरिस, साउथॉलच्या बायका, क्लार्क यांचे पती. या यादीतलं कोणीही न्यायव्यवस्थेतलं नाही, हे माझ्या एका मित्राने रेकॉर्डिंग ऐकून दाखवून दिलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागे कोणीच उभं नाही असा वॉलेस कुठल्या तुरुंगाच्या आवारात पुरला गेला असेल, त्याचा भाग कोण करणार, असं तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सॅली क्लार्क घरी आल्या त्यानंतर चार वर्षांनी, मार्च २००७ मध्ये, वारल्या. दारूचं प्रमाण जास्त झालं होतं. वय ४२.

बऱ्याच जणांनी नानावटी खटल्यावर भाग मागितलाय. तिथे तर मुंबईच्या ज्यूरीने 'दोषी नाही' म्हटलं आणि न्यायाधीशाने तो निकाल न पटून प्रकरण थेट हायकोर्टाकडे पाठवलं. इंग्लंडमध्ये हे शक्यच नव्हतं. ते का, हे पुढच्या भागात. वाचायला घेतलंय.